पांढऱ्या मातीचा उंचवटा

गेल्या वैशाखात चकलांब्याजवळच्या आमच्या रानातला पांढऱ्या मातीचा उंचवटा चुलतभावाने जेसीबी लावून सपाट केला. दोन तास लागले. तो उंचवटा म्हणजे घर होतं हे सांगायचं काम त्याआधी माझ्याकडे आलं होतं.

आत्याला नवऱ्याने सोडल्यावर आजोबांनी तिला शेतात दोन खणांचं घर बांधून दिलं. घर आणि भोवतालची दहा गुंठे जागा तिची, असं चार माणसांत सांगितलं. कागद केला नाही. ती चार माणसं आता नाहीत. आत्या तिथे बावीस वर्षं एकटी राहिली. गुडघे गेल्यावर मी तिला अंबाजोगाईला माझ्याकडे आणलं. मागे घर बसलं. दारं, लाकडं चुलतभावाने नेली. मग तो सांगू लागला, तिथे घर नव्हतंच, गोठा होता.

"मंग मी काय गोठ्यात ऱ्हायले व्हय?" आत्या म्हणाली. "तू पेपरवाला हायस. बघ जाऊन, अन् दे लिहून."

जागा नावावर व्हावी म्हणून आत्याने केलेल्या अर्जावरून मंडळ अधिकारी पाहणीला येणार होते. आदल्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. काळ्या रानात पांढरी माती लांबूनच दिसली. भिंती आणि वरचं मातीचं माळवद विरघळून कमरेइतका ढीग झाला होता. कडेला पायाचे दगड, बावीस फूट बाय चौदा. मागे धान्याचं पेव खचून पडलेला गोल खड्डा. पलीकडे उकिरड्याची जागा. तिथली ज्वारीची धसकटं बाकीच्या रानापेक्षा जाड. सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "खुणांवरून येथे जुनी वस्ती असण्याची शक्यता आहे."

बातमीदारीत तीस वर्षं गेली. स्वतःची आठवण पुरावा धरायची नाही, दुजोरा नसेल तर 'शक्यता' लिहायचं, ही सवय. त्या घरात मी शाळेच्या प्रत्येक सुट्टीत जेवलो होतो. त्या पेवात उतरून ज्वारी काढली होती. ते निवेदनात नव्हतं.

पाहणीच्या दिवशी चुलतभावाने माझा कागद सगळ्यांसमोर वाचला. "दादाच म्हणतोय, शक्यता हाय. म्हंजी त्याला बी ठाव न्हाई."

दोघे-तिघे हसले. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "नक्की सांगता का?"

"लिहिलंय तेवढंच," मी म्हणालो.

अहवालात घराचा पुरावा नाही अशी नोंद झाली.

"साऱ्या जिल्ह्याच्या बातम्या देतोस," आत्या म्हणाली. "माझ्या चुलीवरची भाकर खाल्ली, एवढं लिहायला काय झालतं?"

मी दुसरं निवेदन लिहिलं, भाकरीसकट. ते दाखल केलं. पुन्हा पाहणी ठरली. त्या पाहणीच्या आधीच जेसीबी येऊन गेला.

आत्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. यंदा त्या जागेवर कापूस आहे. उकिरडा होता तिथला कापूस बाकीच्यापेक्षा वीतभर उंच आहे. टेप लावून मोजला.