शेवटच्या रांगेतली झील

भरल्या सभागृहात मी माझ्या बायकोला गप्प केलं. चूक एवढीच होती, एका वाक्याची. पण ते वाक्य मी ज्या जागी बोललो, त्या जागेचे नकाशे माझ्याच हातांनी उतरवलेले होते. तिथं काय बोललं तर कुठवर जातं, हे माझ्याइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परभणीत कलासंकुल उभं राहत होतं. चित्रांचं दालन, मधला चौक, त्यात वाचवून ठेवलेला कडुलिंब, आणि पलीकडं मोठं संगीत सभागृह. आत एकही खांब नाही. छप्पर घडी घातलेल्या कागदासारखं. भिंतींना गिलावा नव्हता. फळ्यांच्या साच्यातून निघालेलं काँक्रीट तसंच ठेवलं होतं, त्यावर लाकडाच्या रेषासुद्धा दिसत. मोंढ्याच्या बाजाराकडून येणारी माणसं सायकलवरून पाय टेकवून विचारायची, "साहेब, पैसे सरले जनू? गिलावा कधी करायलाव?" मी बांधकाम खात्यात नकाशे उतरवून काढायचं काम करत होतो. मला त्या भिंतींचा फार अभिमान होता. मी रागानं म्हणायचो, "असंच असतंय ते." मग ते हसत निघून जायचे.

आवाजाच्या चाचणीला मोठे साहेब रंगमंचावर उभे राहत आणि मला शेवटच्या रांगेत पाठवत. ते साध्या आवाजात काहीतरी बोलत. ऐकू आलं की मी हात वर करायचा. छताखालच्या लाकडी तक्तपोशीचे कोन बदलता बदलता एके दिवशी त्यांनी नुसता सुस्कारा टाकला आणि माझा हात आपोआप वर गेला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला ते तीनदा सांगितलं.

तिचं माहेर देवगाव फाट्याच्या पुढं, मेंढरांचं घर. रात्री मेंढरांच्या वाड्याजवळ तिचे वडील ओवी म्हणायचे. त्यांनी ओळ सोडली की बसलेल्यांनी तिचं शेवटचं टोक उचलून धरायचं. याला झील धरणं म्हणतात. नुसतं ऐकत बसणं म्हणजे म्हणणाऱ्याला एकटं टाकणं, असं तिच्या घरी मानत. लहानपणापासून तिची जीभ तशीच वळलेली. मी घरी कागदावर मापं तपासताना पुटपुटायचो, "सव्वापाच, साडेसात..." स्टोव्हपुढून लगेच आवाज यायचा, "साडेसाऽऽत." भाकरी थापताना ती माझ्या आकड्यांचीही झील धरायची. मी म्हणायचो, "अगं, चुकतंय माझं." ती म्हणायची, "मंग तुमी सुरात मोजा की."

सभागृहाच्या पहिल्या मैफिलीला मी तिला नेलं. नवं लुगडं घेतलं. वाटेत छप्पर, खुर्च्या, पडदा सगळं समजावून सांगितलं. तिथं गाणं चालू असताना गप्प बसायचं असतं, एवढंच सांगितलं नाही. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. ती जागा मीच मागून घेतली होती.

बाहेरगावाहून आलेल्या गवयांनी शेवटी एक भजन घेतलं. ध्रुवपद एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते ओळीच्या टोकाशी थांबले आणि माझ्या शेजारून झील उठली. मोकळी, भरदार. ती थेट रंगमंचावर पोचली. गवयांनी मान वर करून पाहिलं. पुढच्या रांगेतून साहेब वळले. त्यांच्यामागून सगळेच वळले.

मी तिचं मनगट आवळलं आणि म्हणालो, "गप. हे काय मेंढरांचा वाडा हाय का?"

मी हळूच बोललो होतो. पण त्या सभागृहात हळू काही राहत नव्हतं. पुढच्या दोन-तीन रांगा हसल्या. माझे आजोबाही मेंढरांमागंच फिरले होते. झील म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी बोललो.

तिनं हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी विचारलं, "काल मागून कोण हो? बाई चांगली सुरात होती." मी म्हणालो, "कुणास ठाऊक, साहेब."

त्यानंतर आमचं घर शांत झालं. भांडण नाही, अबोला नाही. भाजीत मीठ नीट, आमच्या लहानग्या मुलीची वेणी नीट. मी कागद पसरून मुद्दाम मोठ्यानं मापं म्हणायचो. "साडेसात" म्हणून थांबायचो. स्टोव्ह फरफरत राहायचा. पुन्हा म्हणायचो. कधी ती विचारायची, "च्या पायजे का?" त्या एका लांबवलेल्या अक्षरासाठी मी किती संध्याकाळी खोटी बेरीज करत बसलो, हे तिला कळत असावं. मला मात्र साधं विचारायची लाज वाटायची.

काही वर्षं अशीच गेली. मुलगी शाळेत जायला लागली. स्नेहसंमेलनासाठी तिला गाणं बसवायचं होतं. ती आईच्या पदराला लोंबकळत म्हणाली, "मला शिकव ना." बायको डाळ निवडत होती. मान न उचलता म्हणाली, "मला कुठं येतंय गं गायला?"

मी दाराआड उभा होतो. ती खोटं बोलत होती आणि ते खोटं माझं होतं.

पुढच्या आठवड्यात सभागृहाच्या छतातून कुठं ओल येते ते पाहायचं काम निघालं. मी तिला म्हणालो, "चल माझ्यासंगं." ती म्हणाली, "मी काय छत बघू?" तरी आली. चौकीदारानं दार उघडून दिलं आणि तो लिंबाखाली जाऊन बसला. आत कुणीच नव्हतं. मी तिला शेवटच्या रांगेत, त्याच खुर्चीजवळ नेलं. तिनं खुर्ची ओळखली. थोडा वेळ उभीच राहिली, मग बसली. "इथं कशाला?" म्हणाली.

मी उत्तर न देता खाली गेलो, पायऱ्या चढून रंगमंचावर उभा राहिलो. तिथून ती लहानशी दिसत होती. आवाज चढवायचा नाही, असं मी आधीच ठरवलं होतं.

"त्या दिवशी तू बरोबर होतीस," मी म्हणालो. "मला लाज वाटली ती माझ्याच घराची, आणि मी ती तुझ्या माथी मारली. साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, बाई सुरात होती. मी तुझी ओळखसुद्धा दिली नाही, आणि तुला सांगितलंही नाही. चुकलो मी. मला माफ कर. ऐकू येत असलं तर हात वर कर. नसलं करायचं, तर नको करूस."