जावकमधली अकरा पत्रं

मन्मथअप्पा आलेल्या पत्राला उत्तर लिहिल्याशिवाय जेवायला बसत नसत. चौसाळ्यात हमरस्त्याला लागून त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पोस्टमन अकराच्या सुमारास येई आणि त्या दिवशी अप्पांचं जेवण किती वाजता होणार, ते त्याच्या हातातल्या पत्रांवर ठरे. गिऱ्हाईक हंडा वाजवून बघत उभं असलं तरी त्याला जरा दम धरायला सांगून अप्पा पोस्टकार्ड लिहीत. लग्नपत्रिकेलाही त्यांचं उत्तर जाई. एकदा दूरच्या कुठल्याशा पितळी भांड्यांच्या कारखान्याकडून छापील दिवाळी शुभेच्छा आल्या. अप्पांनी मालकांच्या, घरच्या मंडळींच्या आणि कारागिरांच्या प्रकृतीची चौकशी करणारं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं कार्ड धाडलं. पुढच्या वर्षी छापील मजकुराखाली तिथल्या मुनीमजींनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मला दाखवत अप्पा म्हणाले, "बघ, मानूस सापडला का न्हाई?"

माझं घर त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत. लहानपणापासून मी त्यांना एकाच वेषात पाहिलं. पांढरं धोतर, बाह्या दुमडलेला सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. पत्राला उत्तर न देणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत फार वाईट असे. ते म्हणत, "दारात आलेल्याला पानी न इचारल्यागत हाय ते."

त्यांची सर्वांत जास्त पत्रं जात ती हमीदमास्तरांना. दोघं निजामाच्या काळात उर्दू शाळेत एका बाकावर शिकले. पुढे हमीदमास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. रोज चार वाजता ते अप्पांच्या दुकानात येऊन बसत आणि दिवे लागेपर्यंत दोघं कशावरून तरी वाद घालत. मास्तरांच्या पत्नी वारल्या, तेव्हा मुलगा त्यांना शारजाला घेऊन गेला. चौसाळ्यातल्या घराला कुलूप लागलं. मास्तरांना फोनवरचं अजिबात ऐकू येत नसे, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे. अप्पा म्हणत, "मी इचारलेलं मलाच आठवत न्हाई, तवा त्याचं उत्तर येतं."

तोवर मी बीडला कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. नवं शतक नुकतंच लागलं होतं. शहरात इंटरनेटच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या आणि मला स्वतःविषयी बराच अभिमान वाटत होता. ईमेलविषयी मीच अप्पांना सांगितलं. इथे लिहिलेलं पत्र मिनिटात शारजाला पोचतं, असं मी म्हणालो. मग, ते फुकट असतं, हेही मी सांगितलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "फुकट का म्हून देत्यात?" मी हसलो.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी त्यांच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे मांडून दिला. दुकानाचा फोन एकच होता. इंटरनेट चालू असलं की तो अडून राही, म्हणून मी त्यांना पत्रांचा वेगळा प्रोग्राम बसवून द्यायचं ठरवलं. त्यात फोन जोडला की आलेली पत्रं यंत्रात उतरतात आणि लिहून ठेवलेली निघून जातात. मग फोन मोकळा करून पत्रं सावकाश वाचायची, सावकाश लिहायची. अप्पांच्या नावाने मी एक फुकटचं खातं उघडलं. प्रोग्राममध्ये खात्याचं नाव, परवलीचा शब्द, पत्रं आणणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, पत्रं नेणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असं सगळं भरलं. इनबॉक्स म्हणजे आवक आणि आउटबॉक्स म्हणजे जावक, असं त्यांना समजावलं. कचेरीतली आवक-जावक त्यांना ठाऊक होती. ते लगेच म्हणाले, "मंग सोपं हाय की."

आदल्याच दिवशी मी बीडहून मास्तरांच्या मुलाला ईमेल करून अप्पांचा नवा पत्ता कळवला होता. दुकानात फोन जोडला आणि आवकमध्ये मास्तरांचं पत्र उतरलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली त्यांची दखनी उर्दू अप्पांनी एकेक अक्षर जुळवत मोठ्यांदा वाचली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला निघायची घाई होती, संध्याकाळची बॅच होती. अप्पा म्हणाले, "जरा बस. माझं पत्र जाऊन त्याचं उत्तर येऊ दे, मंग जा." मी म्हणालो, पत्र आलं म्हणजे जाणारही. लिहून झालं की हे बटण दाबा, मधेच काही इंग्रजी पाटी आली तर घाबरू नका, बंद करा. एवढं सांगून मी जीप पकडली.

अप्पांचं पत्र गेलं नाही. त्या सेवेत पत्र पाठवतानाही नाव आणि परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागे, आणि त्यासाठी एका चौकटीत बरोबरची खूण करायची असे. ती मी केली नव्हती. अप्पा बटण दाबत, इंग्रजी पाटी येई, आणि मी सांगितल्याप्रमाणे ते ती बंद करत. पत्र जावकमध्येच राही. जावक या शब्दापुढे कंसात एक, मग दोन, मग तीन असा आकडा दिसे. कचेरीच्या जावक वहीत गेलेल्या पत्रांचा आकडा असतो. अप्पांनीही तसाच अर्थ घेतला. तीन दिसतंय, म्हणजे तीन गेली.

दुसऱ्याच आठवड्यात मास्तरांनी लिहिलं होतं, "मन्मथ, इधर सब है, पन बात करनेकू कोई नई. चौसाळा आके रहूं क्या? तू आ बोल्या तो आता." मुलगा नको म्हणत होता. या वयात एकटं कोण बघणार, हा त्याचा प्रश्न होता. मास्तरांनी सगळं अप्पांच्या शब्दावर ठेवलं होतं. अप्पांनी त्याच दिवशी, न जेवता, एका बोटाने अक्षरं शोधत उत्तर लिहिलं. ये. आमच्याकडे जेव. घराला चुना मी लावून घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं की मागच्या भिंतीचं काम निघेल, तेही करून घेतो.

पंधरा दिवसांनी मास्तरांची एक ओळ आली, माझं पत्र मिळालं का? अप्पांना आयुष्यभर टपालाची सवय. त्यांना वाटलं, दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली असतील. तरी त्यांनी मला क्लासवर फोन केला. जावकमध्ये सहा दिसतात, पण हमीद उत्तर मिळालं असं म्हणत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. समोर पोरं बसली होती. सहा हा आकडा मी ऐकला. तो ऐकताक्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणालो, "अप्पा, हे काय पोस्ट आहे का? सहा दिसतायत ना, मग झालं की."

त्यानंतर मास्तर गप्प झाले. अप्पा लिहीत राहिले. त्यांनी घराची किल्ली मागवून घ्यायचंही ठरवलं होतं. पाडव्याच्या सुमारास मास्तरांचा नांदूरघाटचा भाचा दुकानात आला. मामूंच्या सांगण्यावरून, त्यांच्या मुखत्यारपत्रावर चौसाळ्यातलं घर विकलं, रजिस्ट्री करूनच येतोय, असं त्याने सांगितलं. अप्पांनी त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, असं कसं केलं? तो म्हणाला, "मामू म्हनले, मन्मथ कंदी पत्र बिगरउत्तराचं ठेवीत न्हाई. या पत्राला गप बसला, म्हंजे त्याला मी यावं असं वाटत न्हाई. मंग घर ठिवून काय करू?"

अप्पांचा निरोप आला तसा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. प्रोग्राम उघडला. जावकमध्ये अकरा पत्रं होती. काय झालंय ते मला एका नजरेत कळलं. मी सेटिंग उघडली, त्या चौकटीत खूण केली, फोन जोडला. अकराच्या अकरा पत्रं एकामागोमाग निघून गेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अप्पा माझ्या खुर्चीमागे उभे होते.

त्यांनी विचारलं, "काय झालतं?"

मी म्हणालो, "तिकडच्या सर्व्हरमध्ये बिघाड होता, अप्पा. आता निघाला."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आलं आणि मग मागे घेता आलं नाही. अप्पांनी मला चहा पाजला. वेळ काढून आलास, असंही म्हणाले.

मास्तरांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ते मला पुढे बऱ्याच काळाने वाचायला मिळालं. "एक दिन में ग्यारा खत. मन्मथ, इत्ती मेहनत कायकू की?" घर विकल्याचं कळल्यावर लाजेने अप्पांनी सगळी पत्रं एका बैठकीत लिहून काढली, असा त्यांचा समज झाला होता. अप्पांनी ताबडतोब लिहिलं की पत्रं रोजच्या रोज लिहिलेली आहेत, तिकडच्या सर्व्हरमध्ये बिघाड होता. मास्तरांनी मुलाला विचारलं. मुलगा कॉम्प्युटरच्याच कामात होता. बिघाड असा दोन-दोन महिने राहत नाही, असं तो म्हणाला. मास्तरांनी ते अप्पांना कळवलं आणि खाली लिहिलं, पण तू म्हणतोस तर असेल.

हे पत्र आल्यावर अप्पा एसटीने बीडला आले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भर बॅचमध्ये ते दारात उभे राहिले. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "संजू, बिघाड तिकडचाच व्हता ना?" वीसेक पोरं माझ्याकडे बघत होती. मी फळ्याकडे वळून खडू उचलला आणि म्हणालो, "हो अप्पा, तिकडचाच." ते म्हणाले, "मंग बरं," आणि आल्या एसटीने परत गेले.

दोघांची पत्रं त्यानंतरही चालू राहिली, पण आखूड झाली. ईदेला मुबारक, दिवाळीला शुभेच्छा, तब्येत ठीक. मला एवढंच दिसत होतं की अप्पा आता यंत्रापाशी पूर्वीसारखे बसत नाहीत. वय झालं, असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या वर्षी रमजानच्या महिन्यात मास्तर शारजालाच वारले. तिथेच त्यांना माती दिली.

मी भेटायला गेलो तेव्हा दुकान उघडं होतं, पण अप्पा गल्ल्यावर नव्हते. आतल्या पोत्यांवर बसले होते. त्यांनी उठून यंत्रावरची मास्तरांची सगळी पत्रं मला दाखवली. अकरा पत्रांविषयीची ती ओळ मी तेव्हा वाचली आणि मुलाने काय सांगितलं होतं, तेही. मग मात्र मला राहवेना. मी सांगितलं की चूक माझी होती, एक खूण करायची राहिली होती, आणि मी दोनदा खोटं बोललो.

अप्पा म्हणाले, "म्हाईत हाय मला. बीडला आलतो तवाच कळलं. तू माज्याकडं बघितलं न्हाईस."

मी विचारलं, मग मास्तरांना तसं लिहिलं का नाही?

"काय लिहू? ह्यो पोरगा खोटं बोलतोय म्हनून लिहू? अंदाजानं?" ते पुन्हा पोत्यावर टेकले. "तू सांगशील म्हनून वाट बघितली. वरीसभर बघितली. चूक सगळ्यांच्या हातनं होती रे. पन तू तवा बोलला असतास, तर हमीद मला लबाड समजून गेला नसता."

ते रागावून बोलत नव्हते, आणि म्हणून मला मान वर करता येईना. थोड्या वेळाने त्यांनी मला यंत्रापाशी बसवलं. हमीदच्या पोराला लिही म्हणाले, जसं झालं तसं, तुझ्या नावानं. मी लिहिलं. त्यांनी ते इंग्रजी पत्र माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. एका ठिकाणी मी 'काही तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं. मग पत्र पाठवलं. अप्पांनी जावक उघडून दाखवायला सांगितलं. ती रिकामी होती.

तीन दिवसांनी मास्तरांच्या मुलाचं उत्तर आलं. अप्पांनी मला वाचायला बोलावून घेतलं. त्याने लिहिलं होतं की असा बिघाड नसतो, हे अब्बांना आपणच सांगितलं, आणि पुढची चौकशी न करताच सांगितलं. शेवटपर्यंत ते मन्मथचाचांचं नाव काढत आणि मग गप्प होत. त्यांच्या त्या गप्प होण्यात आपलाही हात आहे, हे आता कळलं.

अप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता उत्तर लिही त्याला. म्हनावं, पोरा, तुजी काई चूक न्हाई."

मी लिहिलं आणि पाठवलं. अप्पा त्यानंतर चार वर्षं होते. मी चौसाळ्याला गेलो की दुकानात बसवत, चहा मागवत, घरच्यांची विचारपूस करत. माझ्या लग्नात त्यांनी पितळेची घागर दिली. पण मास्तरांच्या मुलाला त्यांनी जे वाक्य लिहायला लावलं, ते मला कधी म्हणाले नाहीत. आणि मीही कधी त्यांच्याकडे मागितलं नाही.