टाचेवरचा चिखल

बांधावरचं गवत कापताना आईच्या टाचेला विळा लागला तेव्हा मी शेजारीच होते. देवरीकडची आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर; रोवणीचे दिवस. "चिखल लाव पटकन, रगत थांबते," आई म्हणाली. मी वाकले, मूठभर चिखल उचलला आणि जखमेवर दाबून धरला. आमच्याकडे लहानपणापासून असंच करतात. हात आपोआप चालला.

आणि मी कोण? नागपूरच्या प्रयोगशाळेत याच चिखलातल्या दोन जिवाणूंचे जीनोम शेजारीशेजारी लावून तपासणारी बाई! एक निरुपद्रवी, दुसरा मेलिऑइडोसिस देऊन माणूस मारणारा. बरीचशी जनुकं दोघांची सारखीच. मारणाऱ्याकडे मात्र अंगाभोवती आवरण विणायची जनुकं असतात, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना तो चटकन ओळखू येत नाही. उलट एक साखर पचवायची जनुकं त्याने गमावली आहेत, आणि तो तोटाच त्याच्या पथ्यावर पडला असावा. हे सगळं मी लोकांना तोंडपाठ सांगते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आईला शुगर आहे, आणि अशांना हा आजार लवकर धरतो. नवव्या दिवशी ती तापाने फणफणली, मग खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतो. मेलिऑइडोसिसही टीबीसारखाच दिसतो, हे मला ठाऊक होतं. पण ते डॉक्टरांना सांगायचं तर चिखल मी लावला हेही सांगावं लागणार होतं. दोन दिवस मी गप्प बसले. त्या दोन दिवसांची लाज अजून जात नाही. तिसऱ्या दिवशी आईला धाप लागली आणि मी डॉक्टरांचा हातच धरला. "रक्तात मेलिऑइडोसिसचा जंतू शोधा. जखमेवर चिखल मीच लावला."

आई खाटेवरून पुटपुटली, "पण रगत तं थांबलं होतं ना."

अहवाल आला. तोच निघाला. दोन आठवडे इंजेक्शनं, मग कित्येक महिने गोळ्या. आई वाचली.

यंदा ती माझ्या धाकाने गमबूट घालून बांधीत उतरली. मी बांधावर गवत कापत होते, विळा निसटला आणि माझंच बोट कापलं. आईने रोपांची जुडी टाकली, धडपडत आली, वाकली आणि मूठभर चिखल उचलला.

मी किंचाळून हात मागे ओढला.

"काऊन वं भेऊन राहिली?" चिखलाची मूठ तशीच पुढे धरून ती म्हणाली. "आपल्याच बांधीचा हाय."