दंडातल्या सहा काड्या

"हिचं रक्त बाकावर पडलंय. हिलाच पुसायला लावा."

डॉक्टर दारातनंच बोलला. आवाज चढवला न्हाई. कराडचा त्याचा दवाखाना, सकाळची गर्दी, पंधरा-वीस बाया बसलेल्या. समद्यांनी माझ्याकडं बघितलं. कंपाउंडरनं ओलं फडकं माझ्या पायापुढं टाकलं. हातात दिलं न्हाई. टाकलं. मी वाकले. बाक पुसला. फरशीवर दोन थेंब व्हते, तेबी पुसले.

का पुसले, ते मला आजबी सांगता येत न्हाई. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं घर आमचं. सासरे म्हणायचे, कुणापुढं मान खाली घालायची न्हाई. आन मी कंबरंतनं वाकले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी एकवीस वर्सांची. एक मुलगी, ती ह्याच दवाखान्यात झालेली. ती सव्वा महिन्याची असताना तिला दाखवायला आणली, तवा डॉक्टरनं मलाच आतल्या टेबलावर झोपवलं. डाव्या दंडात सुई टोचली. दंड बधिर झाला. मी इचारलं, "काय करताय?"

"अशक्तपणा आहे तुला. ताकदीचं औषध ठेवतोय."

मी दंड तसाच पुढं धरला. डॉक्टर म्हणतोय म्हंजे आसंल.

पट्टी सुटल्यावर कातडीवरनं बोट फिरवलं तर काड्या लागल्या. सहा. पंख्यावानी पसरलेल्या.

मग अंगावरनं जायला लागलं. पंधरा-पंधरा दिस जायचं, चार दिस थांबायचं, परत सुरू. डोकं ठणकायचं. उसातलं तण भांगलायला गेले की सरीतच बसायची. कापडं धुऊन धुऊन हाताची सालं निघाली. सात महिनं असं चाललं. शेवटाला सासू म्हणाली, "हे ताकदीचं न्हवं गं. ताकदीनं कुणी असं वाळतं व्हय?"

म्हणून त्या दिवशी गेले व्हते. बाक पुसून आत गेले आन म्हटलं, "ह्या काड्या काढा."

"पाच वर्षांसाठी असतात. पाच वर्षांनी ये."

"पर कशाच्या हायत त्या?"

तो काहीतरी लिहीत व्हता. वर न बघताच म्हणाला, "तुम्हा लोकांना समजावत बसलो तर दवाखाना चालायचा नाही. आणि घाई कसली? आणखी कुणाला जन्माला घालायचंय?"

भाईर नळावर सिस्टर हात धूत व्हती. म्हसवडकडची, अबोल बाई. माझ्याकडं न बघताच पुटपुटली, "पाळणा थांबवायच्या काड्या हायत. त्यातनं औषध रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. पाच वरसं पोर व्हत न्हाई. माझं नाव घेऊ नगा."

मला दुसरं मूल पाहिजे व्हतं. नवऱ्याशी तसं बोलणंबी झालं व्हतं. आमी दोघांनी आमच्या घरात ठरवायची गोष्ट, ती ह्या माणसानं आमाला न इचारता ठरवली आन माझ्या कातडीखाली पुरून ठेवली.

घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "निघतीलच की पाच वर्सांनी. डॉक्टरशी वैर कशाला?" त्या दिवसापासनं चार दिस मी त्याच्याशी बोलले न्हाई.

बोलले ती वस्तीतल्या बायांशी. घरोघर गेले, प्रत्येकीला म्हटलं, दंड दाव. माझ्यासकट सात जणी निघाल्या. सातही त्याच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या. कुणाला ताकदीचं म्हणून सांगितलेलं, कुणाला कायबी न सांगता. एक तर इतकी पांढरी पडलेली की भिताडाला धरून चालायची.

मग ज्यांच्या उसात आमी भांगलायचो त्या घरी गेले. त्यांची थोरली सूनबी त्याच डॉक्टरकडं बाळंत झालेली. मी इचारलं, "तुमच्या दंडात काय घातलं का, वैनी?" ती म्हणाली, "न्हाई बाई. मला पाळणा लांबवायला तांबी बसवू का म्हणून इचारलं. मी नगं म्हटलं. बसवली न्हाई."

तिला इचारलं.

पायाखालची वाट नीट दिसायला लागली मला तवा. रागबी तवाच आला. आधी नुसतं रडू व्हतं.

बाजारच्या दिवशी आमी सातजणी कराडला गेलो. दवाखाना भरलेला. आमी मधोमध उभ्या राहिलो आन झंपराच्या बाह्या वर केल्या. मी बसलेल्या बायांना म्हटलं, "हात लावून बघा. ह्या काड्या आमाला न सांगता घातल्यात. रगत थांबंना, आन हा काढंना."

पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं माझ्या दंडावर बोट फिरवलं. एक-एक मोजली. शेजारच्या पोटुशी सुनेला म्हणाली, "ऊठ. दुसरीकडं जाऊ." त्यांच्यामागं आणिक चौघी उठल्या.

डॉक्टर भाईर आला. तोंड पांढरं. "आत या तुम्ही. आत बोलू."

"आत न्हाई. हितं सांग. आमाला इचारलं व्हतंस का?"

त्याला मी पयल्यांदा अरे-तुरे केलं. त्यानंतर कधीच अहो-जाहो केलं न्हाई.

दवाखाना रिकामा व्हत चालला, तसा म्हणाला, "काढतो. सगळ्यांच्या काढतो."

घालताना धा मिनिटं लागली व्हती. पयल्या माझ्या काढल्या, तासाच्या वर लागला. मासात रुतल्या व्हत्या. एक तुटली, तिचा तुकडा हुडकायला त्यानं दोनदा चिरलं. मी त्याच्या कपाळावरचा घाम बघत पडले. लय बरं वाटलं.

उठले आन म्हटलं, "आता लिहून दे. काय घातलं, आन न इचारता घातलं." त्यानं इंग्रजीत लिहिलं. मी कागद परत ठेवला. "मराठीत. मी सातवी शिकलीया." तो न्हाई म्हणाला, तशा आमी सातजणी दारात बसलो. दुपार कलली तवा त्यानं लिहिलं. खाली सही केली, आन पुढच्या आठ दिसांत बाकीच्या सहाजणींच्याबी काड्या काढल्या.

त्यो कागद साताऱ्याला आरोग्य खात्याच्या मोठ्या हापिसात नेला. चौकशी करतो म्हणाले. केली न्हाई. नवं औषध बायांवर करून बघायच्या याद्या तवा असायच्या म्हणं, त्यातल्या कुठल्या यादीत आमची नावं लिहिली व्हती, तेबी कुणी सांगितलं न्हाई.

म्हणून मी हापिसाचा नाद सोडला. झेरॉक्स काढल्या आन बाजार धरलं. वडूजपतुर गेले. भाजीच्या रांगंत, यष्टीच्या फलाटावर, बाई दिसली की कागद वाचून दावायचा, दंडावरचा वण दावायचा. दोन वर्सांत त्याच्या दवाखान्यात माशा बसायला लागल्या. त्यानं कराड सोडलं. सांगलीला नवी पाटी लावली.

मला परत मूल झालं न्हाई. काड्यांमुळं का दुसऱ्या कशामुळं, म्हाईत न्हाई. लोक म्हणतात, आता सोड.

मी सांगलीची यष्टी धरली. त्याच्या नव्या दवाखान्यासमोर उभी राहिले, येणाऱ्या बायांना सांगत. काय टोचतोय ते इचारा. अंगात किती दिस राहतंय ते इचारा. काढायचं कसं, ते इचारा. सांगत न्हाई त्याला हात द्यायचा न्हाई.

तिसऱ्या खेपंला तो फाटकापर्यंत आला. केस पिकलेलं. हळू आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. काय पाहिजे तुला?"

"पाटी उतरव."

"माझी मुलंबाळं आहेत, बाई."

"तुला हायत," मी म्हटलं.

तो आत गेला. पाटी अजून हाय तिथंच. मीबी हाय. दर सोमवारी सकाळच्या पयल्या यष्टीनं जाते. त्याची माफी मला नगं. बाईच्या अंगाला हात लावायचा त्याचा धंदा बंद व्हईस्तवर मी त्या फाटकावरनं हलणार न्हाई.