हवालदाराचा खांदा

वर्षभर मी बिगरीतल्या पोरांना "गप्प बसा, नाहीतर पोलिसाला देईन" असा धाक घातला, आणि मग पोलीस लोकांच्या किती उपयोगी पडतो हे समजावायला नवापूरच्या हवालदारालाच वर्गात बोलावलं.

माणूस धिप्पाड, पण मुंगीलाही वाट देऊन चालणारा. आठवडी बाजारात चुकलेलं पोर सापडलं, की त्याला खांद्यावर बसवून फिरायचा, म्हणजे आईला ते लांबूनच दिसावं. पोर त्याची सरकारी पगडी ओढायचं. हा म्हणायचा, "ओढ भो, सरकारनी शे!"

तीच पगडी दारात दिसली आणि माझा अख्खा वर्ग मागच्या खिडकीतून नदीकडे पसार झाला. खिडकीला हात न पुरलेली एक चिमुरडी तेवढी माझ्या टेबलाखाली शिरून रडू लागली. मी "बाहेर ये!" म्हणून ओरडलो, तशी ती आणखी आत सरकली.

हवालदार पगडी काढून खाली बसला. "ये व माय, मन्हा खांदावर बस. पळेल पोरे धुंडूत."

ती बसली आणि दोघं पळालेली पोरं शोधत निघाली. नदीकाठी तिनेच वरून, हवालदाराकडे बोट दाखवत, हाका मारल्या, "या रे! हाऊ मारत नही. मास्तरच मारस!"