फळ्यावरचा मजकूर

खांद्यावर गाठोडं घेऊन शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत दारोदार कापड विकलं, तेव्हा कुठे डोंबिवलीत माझं दुकान उभं राहिलं. पुढच्याच वर्षी एका गिरणीच्या ‘पक्क्या रंगा’च्या लुगड्यांनी घात केला. गल्लीतल्या मास्तरीणबाई पहिल्याच धुण्यानंतर लुगडं घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांची धोतरं गुलाबी झाली होती.

मी तडक कल्याणला गिरणीच्या दलालाकडे गेलो. तो माझा जुना स्नेही, तरी त्याच्या पेढीवर इतका ओरडलो की रस्त्यातली माणसं थांबली.

“अरे, डोकं थंड ठेव,” तो म्हणाला. “दुकानाबाहेर फळा लाव. लिही, रंग कच्चा, दोष गिरणीचा, माल बदलून देऊ. गिरणीचं मी बघतो.”

मी तसंच लिहिलं. “दुकानदार असावा तर असा,” असं मास्तरीणबाई चारचौघींत म्हणाल्या.

पंधरवड्यात गिरणीच्या वकिलाची नोटीस आली. जाहीर माफी मागा, नाहीतर बदनामीचा खटला. मी पुन्हा दलालाकडे धावलो.

“मी कधी सांगितलं? फळ्यावर अक्षर तुझं आहे,” तो म्हणाला. गिरणीकडची दलाली टिकवायला त्यानं मला पुढे करून स्वतः हात झटकले होते.

मी गाठलेल्या ठाण्याच्या वकिलांनीही, गिरणीशी खटला तुम्हाला परवडणार नाही, म्हणत हात टेकले. गिरणीचा रंग पक्काच आहे, अशी माझी माफी वर्तमानपत्रात छापून आली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या. “तेव्हा खोटं लिहिलंत, की आता?”

घासाघिशीत कुणाला हार न गेलेला मी समोरच्या कापडाची घडी पुन्हा घालू लागलो. त्या रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कापडदुकानाची पायरी चढल्या.