शुक्रवारचा पांढरा कुर्ता

ती पिचकारी माझी होती. एवढं एक वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

मी मुदखेडचा. सकाळच्या गाडीने नांदेडला यायचं, स्टेशनजवळच्या स्टँडवर ठेवलेली जुनी सायकल काढायची आणि ऑफिस गाठायचं, असं अपडाउन करणारे आम्ही पुष्कळ जण आहोत. सायकल रात्रभर स्टँडवरच असते. सकाळी तिच्या सीटवर नाहीतर मडगार्डवर कुणाची तरी लाल थुंकी वाळून बसलेली असते. मी ती जुन्या वर्तमानपत्राने खरवडतो. कागद फाटतो, बोटाला लागते. मग मी स्टँडवाल्याला ऐकवतो, "इथं माणसं येतात का जनावरं?"

तो एकदा म्हणाला, "साहेब, आधी तोंडातलं टाकून या, मंग बोला. कळून नाही राहिलं."

माझ्या गालात गुटख्याची पुडी होती. नेहमीच असते. ऑफिसच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' ही पाटी मी स्वतः स्टुलावर चढून लावली आहे, तेव्हाही होती.

सायकलवरून थुंकायची एक रीत असते. पायडल थांबवायचं, डावीकडे मान टाकायची आणि वेग न सोडता तोंड रिकामं करायचं. पँटवर शिंतोडा येऊ द्यायचा नाही. मला ते छान जमायचं आणि त्याचा मला अभिमान होता. आज तो अभिमान आठवला की माझीच किळस येते.

ऑफिसच्या वाटेवर चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. शेजारी मामांचं चहाचं हॉटेल. दोघांच्या मधे फक्त हॉटेलचा ओटा; त्यावर चहाची गिऱ्हाइकं पुडी चघळत बसतात. चाचांच्या दुकानाला नळ नाही. पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पाणी आणि नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचं, वजूचं पाणी, दोन्ही मामांच्या नळाचं. शुक्रवारी दुपारी चाचा हात साबणाने घासून घासून धुतात, खिळ्याला टांगलेला पांढरा कुर्ता घालतात आणि दारात एक टायर आडवा लावतात. टायर दिसला की गिऱ्हाइकांना कळतं, चाचा नमाजला गेले.

त्या शुक्रवारी मी कोषागारात टपाल देऊन परतत होतो. हॉटेलसमोर आलो, मान टाकली, तोंड रिकामं केलं. मागून "या अल्ला" एवढंच ऐकू आलं. वळून पाहिलं तर टायर लावायला वाकलेली पांढरी पाठ दिसली, आणि तिच्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत ओघळणारा लाल रंग. चाचांचं तोंड दुकानाकडे होतं. मी पायडल मारलं.

दुसऱ्या आठवड्यात चाक बसलं. दुसरं दुकान जवळ नव्हतं. चाचा ट्यूब पाण्यात दाबत सांगू लागले, "कुर्त्याचं काही नाही साहेब, कपडा धुतल्या जातो. पण वजू करून निघालो होतो. असा रंग घेऊन मशिदीत कसं उभं राहावं? घरी जाऊन येईपर्यंत जमातीची नमाज संपली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही रोज इथून जाता. ओट्यावरूनच आली असंल ना ती?"

माझ्या गालात तेव्हाही तो ओला गोळा होता. तो जिभेने बाजूला सारून मी म्हणालो, "ओट्यावरूनच, चाचा. दुसरं कोण थुंकणार?"

चाचा उठून हॉटेलपाशी गेले आणि ओट्यावरच्या गिऱ्हाइकांना आवरा म्हणाले. मामा गल्ल्यावरून म्हणाले, "मी धंदा करून राहिलो का लोकायच्या तोंडाला बूच लावून राहिलो?" चाचा म्हणाले, "साहेबांनी सांगितलं म्हणून बोलून राहिलो, भाऊ." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी सायकलच्या चेनकडे पाहत राहिलो.

त्यानंतर चाचांनी मामांच्या नळाला हात लावला नाही. घरून सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून पाणी आणू लागले. मामांनी मधे पत्रा ठोकला. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या स्टँडवरचे दोघं-तिघं रिक्षावाले त्या भांडणात जात-धर्म घालून बोलताना मी ऐकले. एक म्हणाला, "हे लोक असेच असतात." कोणते लोक, ते मी विचारलं नाही. रस्त्याकडेला सायकल टेकवली आणि पुडी थुंकली. मातीवर पडलेला तो लाल, तारेसारखा लोंबणारा चिकटा बघितला आणि ओकारी आली. हे मी एका म्हाताऱ्याच्या पाठीवर टाकलं होतं.

तसाच उलटा फिरलो. मामांना हाताला धरून पत्र्याच्या पलीकडे आणलं. चाचा पान्याने टायर काढत होते.

म्हणालो, "ती पिचकारी माझी होती. सायकलवरून जाताना मी थुंकलो होतो. ओट्यावर कुणीच नव्हतं."

मामा म्हणाले, "घ्या. अन् आम्ही पत्रा ठोकून बसलो."

चाचांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "थुंक काय, वाऱ्यानं कुणाचीबी कुठंबी जाती. त्याचं मला काही नाही. पण मी तुम्हाला विचारलं होतं, साहेब."

इथपर्यंतची कबुली मी वाटेत पाठ करून आलो होतो. याच्या पुढची पाठ नव्हती.

"हाव, विचारलं होतं," मी म्हणालो. "आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. पळालो ते घाबरून, पण खोटं बोललो ते बसून, विचार करून. मामांवर घातलं, कारण ते सोपं होतं. चाचा, त्या खोट्यासाठी मला माफ करा. मामा, तुम्ही पण."